दोन्ही कान दिसले पाहिजेत

भाऊजींनी आज दुसऱ्या दिवशीही स्टुडिओचं शटर वर केलं नाही. हे माझ्या डोक्यातून जाता जात नाही. ताप नाही, पोट बिघडलेलं नाही, कुणाशी वाजलेलं नाही. सकाळी मी खाली गेले तर ते खुर्चीत बसून कॅमेऱ्याची काच पुसत होते. दुपारी गेले तरी तीच काच. तीस वर्षांत हा माणूस सलग दोन दिवस घरी बसला तो फक्त कांजिण्या आल्या तेव्हा. तेव्हाही अंगभर ठिपके घेऊन पडद्याआडून विचारत होता, "गिऱ्हाईक परत गेलं का हो वहिनी?"

भाऊजी माझे धाकटे दीर. एक्कावन्न वर्षांचे, बिनलग्नाचे. तळमजल्यावर रस्त्याकडच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ, मागच्या खोलीत ते, आणि वरच्या मजल्यावर आम्ही तिघं: मी, हे आणि आमची उशिरा झालेली एकुलती एक लेक. जेवायला भाऊजी वर येतात. जिन्यात त्यांची पावलं वाजली की मी ताट घेते, इतकं ते वेळेचं गणित पक्कं आहे.

रस्त्यापलीकडे पासपोर्टचं ऑफिस आहे. त्यामुळे भाऊजींचं आयुष्य अंगठ्याएवढ्या फोटोंत गेलं. लग्नाची कामं ते घेत नाहीत. "मला कुणाला हसा म्हणायला जमत नाही," म्हणतात. "माझा जन्म लोकांना हसू नका सांगण्यात गेला." स्टुडिओत एक स्टूल, मागे पांढरा पडदा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा आणि खुंटीवर एक काळा कोट. कोट एकच, मापं हजार. बारीक माणसाला घातला की मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून तो आवळायचा. समोरून बघावं तर मोठे साहेब, मागून बघावं तर वाळत घातलेले कपडे. चिमटे न काढताच एक गृहस्थ थेट ऑफिसात जाऊन उभे राहिले होते. भाऊजी त्यांच्या मागे रस्ता ओलांडून धावले होते, चिमट्यांसाठी नव्हे, कोटासाठी.

त्यांची वाक्यं ठरलेली. "हनुवटी किंचित खाली. दात नको. दोन्ही कान दिसले पाहिजेत." माझी लेक लहानपणी घरघर खेळायची तेव्हा बाहुलीला हेच सांगायची. तिचे केस कधीच कानामागे राहत नाहीत, म्हणून त्यांनी तिचं नाव झिपरी ठेवलं. शाळेच्या कागदांवर वेगळं नाव आहे, पण ते फक्त शिक्षकांना माहीत.

तान्ह्या बाळांचे फोटो काढायला लोक लांबून त्यांच्याकडे येतात. त्यांच्याकडे जुन्या रोलची एक काळी डबी आहे, तिच्यात चार खडे घातलेले. ती कॅमेऱ्याच्या वर नेमकी एकदाच खुळखुळवायची. बाळ चमकून बघतं, त्याच क्षणी फोटो. दोनदा वाजवली तर बाळाला कळतं की आत काही खाऊ नाही. "पहिल्या खुळखुळीला माणूस खरा असतो," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

आणि त्यांना एक सवय आहे. पासपोर्टच्या फोटोतलं काही पुसायचं नसतं, तिथे ते बोटही लावत नाहीत. पण बाकीचे फोटो, म्हणजे भिंतीवर लावायचे, कुणाला पाठवायचे, ते आधी त्यांच्या कॉम्प्युटरवर जातात. मुरूम, दाढी करताना कापलेलं, रात्री झोप न झालेले डोळे, सगळं हलक्या हाताने निघून जातं. गिऱ्हाइकाने सांगावं लागत नाही. "मुरूम काय, आठवड्याचा पाहुणा. त्याला कशाला फ्रेममध्ये बसवायचं?" आपण टेबल पुसताना जसा विचार करत नाही, तसाच त्यांचा हात चालतो. एकच अभिमान त्यांना: तीस वर्षांत आपला एकही फोटो कुठल्या खिडकीवरून परत आला नाही.

आता आला. तो एका तट्टाचा होता.

आमच्या घरामागे बाग आहे. तिथे घोडेवाले आजोबा अठरा वर्षं मुलांना फेरी मारून आणायचे. त्यांच्या तट्टाचं नाव बटाट्या. रंग तसा, आकार तसाच. झिपरी चार वर्षांची असल्यापासून दर रविवारी त्याच्यावर बसली. आता ती बारा वर्षांची झाली, पाय जमिनीला लागायला आले, म्हणून बसत नाही, पण खरारा करायला जाते. या महिन्यात आजोबांचे गुडघे पार गेले. त्यांची मुलगी त्यांना आपल्या घरी घेऊन चालली आहे. घर तिसऱ्या मजल्यावर. आजोबा म्हणाले, "मीच कसा चढणार ते बघायचंय. याला कुठे नेऊ?"

गावाबाहेर एक शाळा आहे. ज्या मुलांना हात-पाय नीट हलवता येत नाहीत त्यांना तिथे घोड्यावर बसवून व्यायाम देतात. तिथल्या बाईंना एक तट्टू हवं होतं. तीन ठिकाणांहून त्यांना विचारणा झाली होती. एवढ्या ठिकाणी जाऊन बघणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी कळवलं, दोन्ही बाजूंचे आणि समोरचा असे स्वच्छ फोटो पाठवा, शुक्रवारी दुपारी ठरवू. तो शुक्रवार उद्याच. शाळेने नाही म्हटलं तर परवा शनिवारी व्यापारी टेम्पो घेऊन येणार आहे. तो तट्टं विटांच्या गाडीला जुंपायला नेतो. हे झिपरीला कुणी सांगायला नको होतं, पण तिने ऐकलं.

गेल्या शुक्रवारी ती जेवताना म्हणाली, "काका, बटाट्याचे फोटो काढ."

"परदेशी चाललाय का?"

"शाळेत चाललाय."

"मग ओळखपत्र म्हण की. कोट घालेल का तो?"

"काका, मी चेष्टा करत नाहीये."

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं आणि ताटातला घास तसाच ठेवला. "उद्या सकाळी सातला," म्हणाले.

शनिवारी सकाळी ते बागेत गेले ते माझी पांढरी चादर घेऊन. पाठीमागे पांढरं हवं, हा तीस वर्षांचा नियम. झिपरीने चादरीचं एक टोक झाडाला बांधलं, दुसरं स्वतः धरलं. बटाट्याने शांतपणे वळून चादर चघळायला घेतली. मी बाकावर बसून बघत होते, कारण झिपरी घोड्याजवळ असली की मी बाकावर असतेच. भाऊजी बटाट्याच्या नाकासमोर दोन हातांच्या अंतरावर उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "आजोबा, याचे दोन्ही कान दिसू देत."

फोटो आले. कान दोन्ही दिसत होते. नाक भोपळ्याएवढं, डोळे कुठे बाजूला गेलेले, आणि मागे लांबवर दोन पाय, ते दुसऱ्याच कुणाचे तरी असावेत असे. बाजूचे फोटो उभ्याने वरून काढलेले, गवतात. खूर गवतात बुडालेले. आडवा बटाटा, बस.

हे म्हणाले, "दाराच्या भोकातून पाहुणा बघावा तसा दिसतोय."

झिपरी हसली नाही. भाऊजीही नाहीत. दुपारी स्टुडिओ बंद करून ते एकटेच बागेत गेले आणि आजोबांशेजारी कट्ट्यावर बसले. मी झिपरीला बोलवायला गेले होते म्हणून ऐकलं.

"आजोबा, तुम्ही घोडा बघायला जाता तेव्हा आधी काय बघता?"

"पाय. मग पाठ. तोंड शेवटी. तोंड काय, सगळेच बरं करतात."

भाऊजी म्हणाले, "म्हणजे मी आजवर शेवटचंच आधी काढत आलोय."

रविवारी सकाळी त्यांनी चादर नेली नाही. फाटकाजवळ गवत नसलेली कडक, सपाट जागा आहे, मागे साधी भिंत. ती त्यांनी आदल्या संध्याकाळी हेरून ठेवली होती. कोवळं ऊन त्यांच्या पाठीमागून तट्टावर पडत होतं. ते वीस पावलं मागे गेले, लांबचं टिपणारी काच लावली आणि चक्क जमिनीवर पालथे झाले. एक्कावन्नाव्या वर्षी, इस्त्रीच्या शर्टात. मी म्हटलं, "भाऊजी, मुंग्या आहेत हो."

"असू देत. त्यांनाही कळू दे काय चाललंय."

कॅमेरा तट्टाच्या गुडघ्याच्या उंचीला आल्याबरोबर काय बदललं कोण जाणे. वरून बघताना जे आखूड वाटत होतं ते नीट उभं राहिलं. आजोबांनी बटाट्याचे पाय लावले: कॅमेऱ्याकडचे दोन सरळ, पलीकडचे दोन किंचित आत, म्हणजे चारही दिसतात, एकामागे एक लपत नाहीत. झिपरीने आयाळ एका बाजूला विंचरली, डोळ्याच्या कडेची माशी हाकलली आणि डबी घेऊन तोंडासमोर लांब उभी राहिली.

"मी सांगेपर्यंत वाजवायची नाही. एकदाच मिळणार आहे आपल्याला."

"माहीत आहे, काका. पहिल्या खुळखुळीला माणूस खरा असतो."

आम्ही थांबलो. बटाट्याने शेपूट हलवली, एक पाय वाकडा केला. आजोबांनी तो परत लावला. पुन्हा थांबलो. मला वाटलं, आता कंटाळून हा बसणारच. तेवढ्यात भाऊजी जमिनीवरूनच पुटपुटले, "हनुवटी किंचित खाली." आणि तट्टाने मान खरंच खाली घेतली. "झिपरे, हं."

डबी खुळखुळली. दोन्ही कान पुढे झाले.

मग उजवी बाजू झाली, मग समोरून, तोही लांबूनच. आजोबांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर डावीकडचा फोटो बघितला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत बघितला. "एवढा देखणा होय हा?" म्हणाले. "मी जन्मभर लगाम धरून याच्या खांद्याशी चाललो. मला अर्धाच दिसायचा."

संध्याकाळी फोटो शाळेकडे गेले. बाजूचे दोन भाऊजींनी कॉम्प्युटरवरून पाठवले. समोरचा झिपरीने तेवढाही धीर न धरता आधीच कॅमेऱ्यातून काढून माझ्या फोनवरून पाठवून दिला होता.

मंगळवारी बाईंचा निरोप आला. फोटो फार उत्तम आहेत, असं सुरुवातीलाच होतं. पुढे होतं: "समोरच्या फोटोत डाव्या पुढच्या गुडघ्यावर जुनी खूण दिसते. बाजूच्या फोटोत तोच गुडघा साफ आहे. तट्टू एकच आहे ना? असेल तर ही खूण कुणी आणि का काढली?"

बटाट्याच्या त्या गुडघ्यावर कोटाच्या मोठ्या बटणाएवढी जागा आहे, तिथे केस उगवत नाहीत. भाऊजींनी ती पुसली होती. लपवायला नव्हे. त्यांना तर पुसल्याचं आठवतही नव्हतं. त्यांनी मूळ फोटो उघडला, पाठवलेला शेजारी ठेवला आणि दोन्हींकडे बघत बसले. मग एवढंच म्हणाले, "हाताने केलं. मी नव्हतोच तिथे."

झिपरी रडली, पण त्यांच्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली आणि म्हणाली, "काका, तू फोन करून सांग ना."

त्यांनी बुधवारी फोन केला. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हणजे भाऊजींच्या अंगावर काटा येतो. मोबाइल गल्ल्यात ठेवून विसरणारा माणूस हा. तरी केला. आणि तेव्हापासून शटर खाली आहे. काय बोलणं झालं ते मात्र आज संध्याकाळी जेवताना सांगितलं. तेही यांनी खोदून विचारलं म्हणून.

"अरे, घोडं नेमकं अडलंय कुठे, ते तरी कळू दे."

"बाई चांगल्या आहेत," भाऊजी म्हणाले. "माझी चूक मी सांगितली, त्यांनी ऐकून घेतली. हसल्यासुद्धा. मग विचारलं, गुडघा कशाने फुटला? मला माहीत नव्हतं. शेजारी आजोबा होते, त्यांना फोन दिला. ते म्हणाले, एकदा घसरला होता. एवढंच. बाईंनी विचारलं, कसा? ते म्हणाले, घसरला, झालं. मग बाई म्हणाल्या, आजोबा, माझी मुलं तोल सावरू शकत नाहीत. घसरणारं तट्टू मी त्यांना कसं देऊ?" ताटात बोट फिरवत ते म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं. मी ती खूण राहू दिली असती, तर त्यांनी एवढं खोलात जाऊन विचारलंच नसतं. फोटो चांगला यावा म्हणून मी जमिनीवर झोपलो आणि शेवटी मीच घात केला."

"तुझा हात काही फक्त पुसत नाही," हे म्हणाले. "तो एवढा चांगला फोटो काढलास, तोही याच हाताने ना?"

"दादा, राहू दे."

झिपरीने माझ्याकडे बघितलं. "आई, बटाट्या पडला तेव्हा तू होतीस ना तिथे? मला नीट आठवत नाही. कसा घसरला गं?"

मी म्हटलं, "जेव आधी. गार होतंय."

भाऊजींनी अर्धं ताट तसंच ठेवलं आणि खाली गेले. पायऱ्यांवर पावलं वाजली, स्टुडिओच्या दाराशी क्षणभर थांबली, आणि पुढे मागच्या खोलीकडे गेली.

आता सगळे झोपलेत आणि मला जे जेवताना सांगता आलं नाही ते इथे लिहिते आहे.

सहा वर्षांपूर्वी झिपरी सहा वर्षांची होती. ऊन रणरणतं होतं आणि ती टोपी बाकावर विसरून घोड्यावर बसली होती. तळ्याकडच्या उतारावर दगडी फरशा आहेत. माळ्याने नुकतंच पाणी मारलं होतं, फरशा ओल्या होत्या. आजोबा लगाम धरून बटाट्याला अगदी सावकाश खाली आणत होते. मला फक्त तिचं उघडं डोकं दिसत होतं. आदल्याच दिवशी तिला ताप येऊन गेला होता. मी छत्री घेऊन समोरून धावले, आणि जवळ गेल्यावर बटण दाबलं. ती छत्री फाडकन उघडणारी होती. तट्टाच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर.

बटाट्या दचकला, पाय सटकला आणि पुढचे दोन्ही गुडघे दगडावर आदळले. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा झिपरी खोगिरावर होती, जिथे होती तिथेच. तो गुडघ्यांवर बसला होता आणि हलत नव्हता. मान ताठ, अंग ताठ. आजोबांनी तिला उचलून माझ्याकडे दिलं, आणि मगच तो उठला. डाव्या गुडघ्यातून रक्त येत होतं.

मी काय केलं? पोरीला छातीशी धरून चार लोकांसमोर त्या म्हाताऱ्या माणसावर ओरडले. असला अडखळणारा घोडा मुलांना देता, लाज नाही वाटत? आजोबांनी माझ्या हातातल्या उघड्या छत्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "चुकलं, ताई."

घरी येऊन मी यांना एवढंच सांगितलं, घोडा घसरला. पुढच्या रविवारी झिपरीने हट्ट केला म्हणून परत गेलो. आजोबांनी काही न बोलता तिला बसवलं, आणि उताराकडे कधीच नेलं नाही. सहा वर्षं ते मला नमस्कार करत आलेत आणि मी त्यांना. कालही फोनवर त्यांनी एकच शब्द सांगितला, "घसरला." माझं नाव त्यांच्या तोंडी आलं नाही. बटाट्याची जागा जाईल हे ठाऊक असून आलं नाही.

सगळ्या जगात हे सांगू शकेल असं माणूस मी एकटीच आहे. खूण कशाची आहे ते आजोबा सांगणार नाहीत, भाऊजींना माहीत नाही, झिपरीला आठवत नाही. आणि बाईंना जे हवं आहे ते त्या खुणेतच आहे. तोंडासमोर छत्री उघडली, गुडघा फुटला, आणि पाठीवरचं मूल हललं नाही. त्यांनी नाही म्हटलं तरी चालेल, पण हे ऐकून म्हणावं.

मघाशी मी खाली जाऊन आले. स्टुडिओत दिवा न लावता फोनच्या उजेडात मूळ फोटो शोधला. भाऊजींनी तो छापून आरशाच्या चौकटीत खोचून ठेवला आहे, कंगव्याच्या शेजारी. खूण आहे तशी आहे. फोटो वाईट दिसत नाही. खरं सांगायचं तर त्या खुणेमुळे तो पाय बटाट्याचाच वाटतो. उद्या हाच पाठवायचा.

बाईंच्या निरोपाखाली लिहिलं आहे की त्या साडेपाचला तबेल्यात असतात. घोड्यांची माणसं लवकर उठतात. मी सव्वापाचचा गजर लावला आहे. वरून फोन करणार नाही. खाली जाणार, भाऊजींना उठवणार, झिपरीलाही, आणि त्या दोघांसमोर स्टुडिओतल्या स्टुलावर बसून नंबर लावणार. काय बोलायचं ते दहा वेळा घोकलं. सुरुवात तेवढी पक्की झाली आहे: "नमस्कार बाई. तट्टू घसरलं त्या दिवशी छत्री घेऊन धावली ती आई मी."